स्पॅनिशमधली मैत्रीण, वऱ्हाडातली विमलताई

बडनेरा स्टेशनच्या फलाटावर पाय ठेवला तेव्हा माझ्यापुढे एक विचित्र अडचण होती. मला न्यायला येणाऱ्या बाईंशी मी गेली दोनेक वर्षं जवळजवळ रोज संध्याकाळी फोनवर बोलत होते. त्यांचे गुडघे, त्यांची लेक, त्यांच्या मोरीतला गळका नळ, सगळं मला ठाऊक होतं. पण आम्ही मराठीत एकमेकींशी एक वाक्यही कधी बोललो नव्हतो.

झालं होतं असं. निवृत्तीनंतर डोकं गंजू नये म्हणून मी पुण्यात घरबसल्या स्पॅनिशचा ऑनलाइन वर्ग लावला. व्याकरण जमत होतं, रिकाम्या जागा भरण्यात तर मी पटाईत होते. पण शिकवणाऱ्या बाईंनी साधं ‘कशा आहात’ असं स्पॅनिशमध्ये विचारलं की माझी दातखीळ बसे. वर्गात माझ्यासारखीच आणखी एक होती, अमरावतीच्या विमलताई. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. वर्गाच्या बाई वैतागून म्हणाल्या, “तुम्ही दोघी पुस्तक मिटा आणि रोज एकमेकींना फोन करा. अट एकच, मराठी बोलायचं नाही.”

पहिले काही दिवस फोनवर नुसता दोघींचा श्वास ऐकू येई. आज ऊन आहे. हो, ऊन आहे. तुझ्याकडे मांजर आहे? नाही. असा आमचा संवाद. मग एकदा ती म्हणाली, “मि मारिदो नो एस्ता” (माझा नवरा नाही इथे). तिचा नवरा वकील होता एवढं मला माहीत होतं. तो कोर्टात गेला असेल असं समजून मी उत्साहानं पुढचं वाक्य जुळवलं, “क्वान्दो बुएल्वे?” (कधी परत येतो?). पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “नो बुएल्वे” (परत येत नाही). भूतकाळाचे धडे आम्हाला अजून शिकवलेले नव्हते. मी ‘लो सिएन्तो’, म्हणजे वाईट वाटलं, एवढंच म्हणू शकले आणि ते म्हणता आलं याचंच मला बरं वाटलं. त्या दिवसापासून आमचं बोलणं हे खरं बोलणं झालं.

फलाटावर उंच, सावळ्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा घातलेल्या बाई माझ्याकडे बघत उभ्या होत्या. मी हात जोडले. “नमस्कार विमलताई, तुम्ही उगाच इतक्या लांब आलात, मी रिक्षानं आले असते.”

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “काहून वं? स्पॅनिशमंदी तू आन मराठीत तुमी, हे काय सोंग होय? तू मन मले.” (‘काहून वं’ म्हणजे ‘का गं’.) आणि माझ्या हातातली बॅग ओढून घेऊन त्या चालू लागल्या.

मी जरा दचकलेच. फोनवरची माझी मैत्रीण हळू बोलायची, शब्द शोधत, प्रत्येक वाक्याआधी थांबत. ही बाई तर रिक्षावाल्याशी, फळवाल्याशी, मध्ये आलेल्या गाईशी एकाच दमात बोलत होती. स्टेशनपासून अमरावतीच्या घरापर्यंत रिक्षात मी फार तर चार वाक्यं बोलले असेन.

घर बैठं, स्वच्छ, पुढे दोन कडुनिंब. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पोहे होते. स्वयंपाकघरातून हाक आली, “सांबार टाकू काय पोह्यावर?” पोह्यावर सांबार! मी घाबरून नको म्हटलं. समोर कोरडे पोहे आले. तिच्या ताटलीत मात्र हिरवीगार कोथिंबीर पेरलेली. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे मला तेव्हा कळलं. “तुले स्पॅनिशमंदी सारं समजते, मराठीच समजत नाई,” असं म्हणून ती मनापासून हसली आणि तिनं मूठभर सांबार माझ्या पोह्यांवर टाकला.

त्या पोह्यांवरच मला एक जुनं कोडं उलगडलं. वर्गात ‘एस्तोय कोमिएन्दो’ (मी खाते आहे) शिकवलं तेव्हा आम्ही पुण्यामुंबईकडचे सगळे अडखळलो होतो. विमलताईला ते एका दिवसात आलं होतं. आता ती सहज म्हणाली, “मी खाऊन राहिली. तेच तं हाय ते. एस्तार मंजे राहणं, कोमिएन्दो मंजे खाऊन. आन स्पॅनिशमंदी ते ‘ले’ आलं न, ते बी आपलंच. त्याले, तिले.” मी घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. माझ्या पुणेरी मराठीत स्पॅनिशसाठी असा आयता दरवाजा कुठेच नव्हता.

संध्याकाळी आमच्या नेहमीच्या वेळेला चहा घेऊन आम्ही गच्चीवर गेलो. आता समोरासमोर बसून स्पॅनिश बोलायचं होतं. तर दोघींनाही लाज वाटू लागली. फोनवर डोळे नसतात. शेवटी तिनंच तोडगा काढला. खुर्च्या रस्त्याकडे वळवल्या आणि आम्ही शेजारी शेजारी, एकमेकींकडे न बघता बोलू लागलो. फेब्रुवारीतली हवा, खाली कोणाकडे तरी फोडणी पडत होती. हळूहळू माझी मैत्रीण परत आली, तीच, थांबत थांबत बोलणारी.

तिची लेक पल्लवी स्पेनमध्ये, वालेन्सिया शहरात असते. नवरा मार्टिन तिकडचा, मुलगा माटेओ सहा वर्षांचा. वडील गेल्यापासून पल्लवीचा एकच धोशा होता की आईनं अमरावतीचं घर विकून कायमचं तिकडे यावं. त्यासाठीच तर विमलताईनं स्पॅनिश शिकायला घेतलं होतं. हे सगळं मला ठाऊक होतं. त्या संध्याकाळी मात्र रस्त्यावरच्या दिव्यांकडे बघत ती म्हणाली, “नो किएरो इर.”

मला जायचं नाही.

मी विचारलं, पल्लवीला माहीत आहे? ती म्हणाली, नाही. दिराला, जावेला? नाही. कोणालाच नाही. “सोलो तु,” ती म्हणाली. फक्त तुला.

दुसऱ्या दिवशी सकाळी घर बघायला तिवशाचं एक डॉक्टर जोडपं आलं. विमलताईनं त्यांना खोल्या दाखवल्या, गच्ची दाखवली, नळाला पाणी किती वेळ येतं तेही सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “मग तुम्ही घर कधी रिकामं करून द्याल, काकू?” तेव्हा ती हसतमुखानं म्हणाली, “मार्च सरला का देतो खाली करून. लेक बोलावून राहिली न मले.” (या भागात बायकाही ‘येतो, देतो, जातो’ म्हणतात.) मी दारात उभी होते. काल संध्याकाळी ‘नो किएरो इर’ म्हणणारी बाई आणि ही बाई एकच आहे यावर माझा विश्वास बसेना.

शनिवारी आम्ही हिवरखेडला निघालो. तिथे तिच्या सासरची शेती आहे, दीर-जाऊ राहतात, आणि संत्र्याच्या बागेत तिचा वाटा आहे. एसटी वलगाव सोडून पुढे निघाली तशी दोन्हीकडे काळी जमीन पसरत गेली. कुठे हरभरा सोंगणीला आलेला, कुठे गव्हाला पिवळी झाक चढलेली, वेचणी संपलेल्या पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या झाडांवर) चुकार बोंडं पांढरी दिसत होती. परतवाडा मागे टाकल्यावर उजव्या हाताला सातपुडा दिसू लागला, निळसर, दूर, आणि तो मग शेवटपर्यंत सोबत चालला.

अंजनगावच्या आसपास मी धीर करून विचारलं, “पल्लवीला सरळ सांगत का नाहीस?”

ती म्हणाली, “मराठीत सांगाले गेलं का मले रडू येते वं. तिचे बाबा गेले तवापासून असंच होते. म्या रडली का ते तिकडं रडन. मनून मी आपली हाव हाव मनत जातो. स्पॅनिशमंदी कसं, शब्दच थोडे. त्यातच हुडकत राहा लागते. रडाले सवडच भेटत नाई.”

बसमध्ये मागे कोणीतरी मोबाइलवर मोठ्यानं कापसाचा भाव विचारत होतं.

अकोटला उतरून काळीपिवळीत (भाड्याच्या जीपमध्ये) बसलो. आत माणसं कोंबलेली, माझ्या मांडीवर कोणाची तरी मेथीची जुडी. हिवरखेडला पोहोचेपर्यंत माझ्या साडीला मेथीचा वास लागला होता. विमलताईची जाऊ कुसुमताई दारातच उभी होती. “या या, पुण्याची पाहुणी आली! आमची वैनी तं आता परदेशी चालली, मंग तुमाले कोण बोलावन इकडं?” असं म्हणत तिनं माझ्या पायांवर तांब्याभर पाणी घातलं.

रात्रीच्या जेवणाला रोडगे होते. कणकेचे जाड गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, राख झटकायची, फोडून त्यात तूप सोडायचं आणि वांग्याच्या तिखट भाजीत कुस्करायचे. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तरी हात थांबेना. जेवताना कुसुमताई सारखी विमलताईच्या जाण्याबद्दल बोलत होती. तिकडे थंडी किती, लुगडं नेसता येईल का, पापड न्यायचे का. विमलताई प्रत्येक गोष्टीला “पाहू न” म्हणत होती. मला त्या ‘पाहू न’चा अर्थ आता कळायला लागला होता.

रविवारी सकाळी आम्ही दोघी वावरात (शेतात) गेलो. बाग गावाबाहेर, थोडी चढावर. मृग बहाराची (पावसाळ्यात फुललेली) संत्री झाडांवर पिकत आलेली, आणि ज्या झाडांना आंबे बहार (हिवाळा सरताना येणारा) धरलेला होता ती पांढऱ्या फुलांनी भरलेली. असा वास मी पूर्वी कधी घेतला नव्हता, गोड पण किंचित कडवट. विहिरीच्या कठड्यावर बसून विमलताईनं संत्रं सोललं. दुपारी पल्लवीचा फोन यायचा होता. दर रविवारी यायचा.

तेव्हा मला वर्गातली एक गोष्ट आठवली. बाई आम्हाला सोंगं द्यायच्या. तू दुकानदार, तू गिऱ्हाईक. तू डॉक्टर, तू पेशंट. मी म्हटलं, “विमल, मी पल्लवी होते. तू मला सांग.”

“कशात? स्पॅनिशमंदी?”

“नाही. मराठीत.”

ती हसली. “माय! आपल्याच बोलीचा सराव करतेत काय कोणी?”

“तुला येत नाहीये ना? मग करायचा.”

तिनं संत्र्याच्या साली बाजूला सारल्या, पदर सावरला. मी आवाज बदलून म्हणाले, “आई, घराचं काय झालं? त्या डॉक्टरांनी काय सांगितलं?”

“हाव… ते आले होते. पाहून गेले.” ती थांबली. “पाहू न मंग.”

“नाही जमलं. परत.”

दुसऱ्या वेळी तिनं “पल्लवी, मले असं वाटून राहिलं” इथपर्यंत मजल मारली आणि तिचे डोळे भरले. मी सराव थांबवला नाही. आमच्या वर्गातल्या बाई मध्येच सोडून देत नसत, वाक्य पुरं होईपर्यंत गप्प बसून राहत. मीही बसले. तिसऱ्यांदा ती रडत रडतच बोलली, पण बोलली. चौथ्यांदा तिनं माझ्यावरच आवाज चढवला, कारण मी पल्लवी होऊन म्हणत होते की तू हट्टी आहेस. पलीकडच्या वावरातला गडी मान वर करून आमच्याकडे बघायला लागला. त्याला वाटलं असणार, दोन म्हाताऱ्या भांडताहेत. आम्ही दोघी हसू लागलो, ती नाक पुसत, मी घसा साफ करत.

शेवटी तिला ते वाक्य आलं. साधं, सरळ. “पल्लवी, मले नाई याचं तिथं कायमचं.” (मला तिथे कायमचं यायचं नाही.) ती ते स्वतःशीच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, जसं शाळेत पाढे म्हणतात.

दुपारी फोन आला. विहिरीच्या कठड्यावरच रेंज येते म्हणून आम्ही तिथेच होतो. मी उठून जाऊ लागले तर तिनं माझा हात धरून बसवून ठेवलं. पल्लवीचा चेहरा पडद्यावर आला, मागे स्वयंपाकघर, खिडकीत ऊन. तिची मराठी आता थोडी सरळ, पुस्तकी झाली होती.

“आई, डॉक्टर काय म्हणाले? घर आवडलं का त्यांना?”

विमलताईनं माझा हात घट्ट दाबला. “पल्लवी, घर नाई विकाचं मले. मले नाई याचं तिथं कायमचं.”

सांगून झालं. आवाज कापला, पण वाक्य मोडलं नाही. मी मनात म्हटलं, शाबास.

पल्लवी म्हणाली, “पण तू तर हो म्हणाली होतीस. आई, इथेही संत्री आहेत, तुला आवडेल.” याची आम्ही तयारी केली होती. विमलताई म्हणाली, “संत्र्यासाठी नाई वं राहत मी. इथं मी कोणाची कोण हाय ते सारे जाणतेत. तिथं मी नुसती तुही माय राहीन.”

आणि मग पल्लवीनं जे विचारलं त्याचा सराव आम्ही केलेला नव्हता. ती हळूच म्हणाली, “मग मी काय करू इथे एकटी?”

मी हादरले. एवढ्या वेळात मी पल्लवी झाले होते, तिच्या तोंडी हट्ट घातला होता, राग घातला होता. हे मला सुचलंच नव्हतं. विमलताईचा हात माझ्या हातात ढिला पडला.

“एकटी? मार्टिन हाय न, पोरगा हाय.”

“आहेत. पण दिवसभर मी त्यांच्या भाषेत असते, आई. कधी कधी मला वाटतं, घरात कोणीतरी मला ‘काहून वं’ म्हणावं.”

विमलताईनं पदरानं तोंड पुसलं. “हे तू मले आज सांगून राहिली? दर रविवारी तं मनत होती, सारं मस्त हाय.”

“तूही तेच म्हणत होतीस.”

दोघीही रडत होत्या, आणि मला वाटलं होतं तसं काही भयंकर घडलं नाही. बागेत वारा होता, फुलं गळत होती. थोड्या वेळानं विमलताई म्हणाली, “मी येतो. राहाले नाई, भेटाले येतो. तिकडची थंडी सरली का येतो आन चांगली दोन-अडीच महिने राहतो. मंग तू ये पोराले घेऊन. पण घर नाई विकत.” पल्लवी लगेच हो म्हणाली नाही. म्हणाली, मला वाईट वाटलंय, मला थोडे दिवस दे. ते मला खरं वाटलं.

एवढ्यात माटेओ पडद्यात घुसला. आई का रडते आहे हे त्याला समजेना. त्यानं भराभर स्पॅनिशमध्ये विचारलं, “आबुएला (आजी), तू येणार नाहीस? का येणार नाहीस?” ना वर्गातला धडा, ना फोनवरचा अर्धा तास, ना विचार करायला सवड. विमलताई स्पॅनिशमध्येच बोलू लागली. माझं घर इथे आहे, ती म्हणाली. मी येते, मग जाते. मग तू येतोस. मी तुला झाड दाखवते.

त्यात चुका होत्या. एका क्रियापदाचं रूप साफ चुकलं होतं. मी दोन वर्षं तिच्या अशा चुका लगेच सांगत आले होते, तीही माझ्या सांगत आली होती. ओठांवर आलेली दुरुस्ती मी गिळली.

“तू आता काय करते आहेस?” त्यानं विचारलं.

विमलताईनं हातातली फोड दाखवली. “एस्तोय कोमिएन्दो नारान्खास.” संत्री खाऊन राहिली.

“मीसुद्धा!” तो ओरडला, आणि धावत जाऊन खरोखरच एक संत्रं घेऊन आला.

सोमवारी मी अकोल्याकडे निघाले. विमलताई हिवरखेडलाच थांबली. तिला जावेला आणि दिराला सांगायचं होतं, आणि ते तिला एकटीलाच सांगायचं होतं. जीप सुटताना ती म्हणाली, “डॉक्टरीणबाईले बी फोन करा लागन. ते सोपं हाय. तिच्याशी मले रडू येत नाई.”

अकोट सोडल्यावर डोंगर मागे गेला. पूर्णा नदीच्या अलीकडे पलीकडे पांढुरकी, खारवट माती दिसू लागली. शेजारची बाई म्हणाली, इथल्या विहिरींना खारं पाणी लागतं, डाळसुद्धा शिजत नाही. अकोल्यात उन्हं चढली होती. गाडीला अवकाश होता म्हणून स्टेशनबाहेरच्या एका टपरीवर गरम आलुबोंडा (बटाटेवडा) खाल्ला. मालकानं विचारलं, “कुठी गेल्ता, मावशी?” मी म्हटलं, “हिवरखेडले.” त्यानं वर बघितलं. माझ्या ‘ले’त काहीतरी चुकलं असावं, पण तो हसला नाही, “हाव का,” म्हणाला आणि जास्तीची मिरची ठेवली.

गाडीत मी विचार करत होते. परकी भाषा येण्यासाठी बोलावं लागतं, हे आमच्या बाई पहिल्या दिवसापासून सांगत होत्या आणि ते खरंच आहे. पुस्तक वाचून मला स्पॅनिश कधीच आलं नसतं. पण बोलायची सवय फक्त परक्या भाषेतच मोडते असं आम्ही का धरून चालतो? मायलेकी दर रविवारी अस्खलित मराठीत बोलत होत्या, एकही चूक न करता, आणि एकमेकींना काहीच सांगत नव्हत्या. आणि कितीही सराव केला तरी समोरचं माणूस काय म्हणेल ते आधी कळत नाही. ते फक्त ऐकावं लागतं, मग जे सुचेल ते, मोडकंतोडकं, बोलावं लागतं.

पुण्याला पोहोचले आणि रोजचं जगणं सुरू झालं. पल्लवी काही दिवस खरोखर रुसली. मग तिनंच तिकीट पाठवलं, जायचंही आणि यायचंही. विमलताई उन्हाळ्यात वालेन्सियाला जाऊन आली. तिथल्या मंडईत तिनं भाजीवाल्याशी घासाघीस केली म्हणे, आणि पल्लवी लाजून बाजूला जाऊन उभी राहिली.

परवा तिचा फोन आला. आमचं स्पॅनिश सुरू होण्याआधीच तिनं मराठीत सांगून टाकलं, “काल पल्लवी लय भांडली वं माह्याशी.”

मी घाबरून विचारलं, “कशावरून?”

“काई नाई. वरणात गूळ टाकाचा का नाई, याच्यावरून. मी मनलं टाकाचा, ते मने नाई. चांगली भांडली. फोन तापून लाल झाला, मंग ठेवला,” विमलताई म्हणाली, आणि तिच्या आवाजात आनंद मावत नव्हता.